मोजणीच्या दिवशीची रिकामी बस

लाडके चिमणे,

तुझा पहिलाच रिपोर्ट मंजूर झाला, साहेबांनी पाठ थोपटली, हे मी गल्लीभर सांगत सुटले. बसचे रस्ते ठरवणारी नात आहे का गं दुसऱ्या कुणाची!

पण त्यात आमचीच बस बंद झाली, माणसं चढत नाहीत म्हणून. अगं, तू मोजायला येणार त्या दिवशी मीच बायकांना दटावलं होतं, "आज कुणी बसमध्ये चढायचं नाही, माझ्या पोरीला बसायला जागा मिळू दे." सगळ्यांनी ऐकलं गं.

आता शेजारीण सुजलेल्या पायांनी दवाखान्यात चालत जाते. मी तिची पिशवी धरते. ती म्हणते, "नातीला कळवा की." मी म्हणते, "कळवलंय."

फोनवर तू इतकी हसत होतीस, की हे पत्र टपालात टाकवत नाही.

तुझी खोटारडी आजी