दुहेरी काचेची खोली

अर्पिताची माय,

मी मोताळ्याच्या बाजारात जाऊन राह्यलो. तोंडानं सांगणं झालं नाही, म्हणून लिहून ठेवतो. सकाळी अर्पिताचा फोन आला होता. ती या उन्हाळ्यात येत नाही. म्हणे, तुमच्याकडच्या उन्हात लेकराले कसं आणू?

मंग मी तिले खिडकीचं सांगितलं. म्हटलं, बाई, पश्चिमेच्या खोलीले दुहेरी काच बसवली. तुह्या मायनं दुकानाबाहेर उन्हात काचेमागं हात धरधरून निवडली. कूलरच्या जागी एसी लावला. भर दुपारीबी खोली थंड राह्यते.

ती म्हणे, "बरं, दिवाळीले पाहू."

दिवाळीले कोणाले अशी काच लागते? ऊन आडवं येतच नव्हतं.

काऊन म्हणून तिले विचारू नोको. लेकरासाठी काढलेला पाळणा मी आल्यावर माळ्यावर ठेवतो, तू एकटी उचलू नोको. जेवून घेजो, अन् त्याच खोलीत जाऊन पडजो. दार लावून घेजो. त्या काचेतून आतला आवाजबी बाहेर जात नाही. सकाळी फोन झाल्यावर मी आत होतो, तू खिडकीखालीच अंगण झाडत होती. तुले काही ऐकू आलं का?