पेचकसाचा कौल

लोधिवली,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्या भागूचा शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन लागत नाही म्हणून कागद हाती घेतला. मनोजला विचारलं, तर तुझा लेक सांगतो की बाबांचा फोन पाण्यात पडला, म्हणून तांदळात ठेवलाय. हेच त्याने दसऱ्यालाही सांगितलं होतं. दादा, एव्हाना त्या तांदळात किडे झाले असतील.

आता मुद्द्याचं. बसून वाच. मी गाडी घेतेय. टेंपो नव्हे, गाडी. रविवारी सकाळी मुंबईचे लोक त्या बुटक्या, भन्नाट पळणाऱ्या गाड्या घेऊन जुन्या हायवेने येतात आणि माझ्याकडे मिसळ खातात, हे तुला ठाऊक आहे. नऊ वर्षं मी त्यांना तर्री वाढतेय आणि एक डोळा बाहेर ठेवतेय. त्यातल्याच एका साहेबांची पिवळी, जर्मनीची गाडी विकायची आहे. दोन दारं, दोनच माणसांची जागा, इंजिन मागे आणि डिकी पुढे. साहेब पंधरा फेब्रुवारीला कायमचे कॅनडाला निघालेत. सहा वर्षं वापरलीय, पण पैठणीसारखी जपलीय. माझ्याकडे कांदा चिरते ती ठकूबाई म्हणाली, की कुणी बसून चेपलेल्या लिंबासारखी दिसते. दिसू दे. मी त्रेसष्ट वर्षांची झाले. टेंपोतून पावाच्या लाद्या वाहिल्या, दोन पोरींची लग्नं केली. आता एकदा कसल्याही कामाशिवाय, नुसती मजा म्हणून गाडी चालवायची आहे.

पण तू ऐकल्याशिवाय बयाणा देणार नाही. देवाला कौल लावतात तसा आपल्या घरात प्रत्येक गाडीला तुझ्या लांब पेचकसाचा कौल लागतो. टोक इंजिनाला, मूठ तुझ्या कानाला, आणि तू डोळे मिटून सांगणार, घ्या किंवा नका घेऊ. माझ्या टेंपोला लागला, जावयाच्या स्कूटरलाही लागला. तेव्हा येत्या रविवारी ये.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, तो थोडा पिवळ्या रंगावरही पसरावा.

तुझी,
भागू

*

भिसेगाव, कर्जत,
१० जानेवारी

चि. भागूस,
दादाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. आमच्या दारात पोस्टमन बघून तुझ्या वहिनीला वाटलं, कोर्टाचं समन्स आलं. वाचून झाल्यावर म्हणाली, समन्स परवडलं असतं.

इंजिन मागे असलं की तिला आम्ही रिक्षा म्हणतो. शिवाय पिवळी. मीटर चालू आहे का तेवढं विचारून घे. आमच्या दारापासून तुझ्या दारापर्यंत किती गतिरोधक आहेत ते मोजलेस का? तुझी गाडी पहिल्यावरच पोट टेकून बसेल आणि मागे एसटीवाला हॉर्न वाजवत राहील. पाटावरून उठताना तू दोनदा देवाचं नाव घेतेस. या गाडीतून तुला बाहेर काढायला क्रेन बोलवावी लागेल.

मला यायला जमणार नाही. गॅरेज मनोजच्या हाती दिल्यापासून मी ते काम सोडलंय. आजकालच्या गाड्या ऐकायच्या नसतात, त्या वायर लावून कम्प्युटरवर वाचायच्या असतात. मनोजला पाठवतो.

फोनचं म्हणशील तर मला पत्रच बरं वाटतं. समोरचं माणूस काय म्हणालं ते दोनदा वाचता येतं.

तिखट कमी खा. आमचा जीव तुझ्यात आहे, रिक्षात नाही.

तुझा,
दादा

*

लोधिवली,
१४ जानेवारी, संक्रांत

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत तिळगुळाची पुडी आहे. घे आणि निदान आज तरी गोड लिही.

मनोज येऊन गेला. त्याने वायर लावली, पडद्यावर सगळं हिरवं दिसलं, आणि आत्या बिनधास्त घे म्हणाला. साहेब खूश झाले. मी झाले नाही. दादा, कशेळ्याला आपल्या कापलेल्या शेतात तू मला जीप शिकवलीस तेव्हा मी सतराची होते. पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावू दिला नाहीस. रुमालाने माझे डोळे बांधलेस आणि तासभर नुसतं इंजिन ऐकायला बसवलंस. डोळे रस्त्याकडे, कान गाडीकडे, असं सांगितलं होतंस. वायरीला कुठे कान असतात? गावातल्या पोरी बांधावर उभ्या राहून मला हसत होत्या, हे मी अजून विसरलेले नाही. त्याची भरपाई म्हणून तरी ये.

ही गाडी मला मनापासून हवी आहे. पण रविवारी तू आला नाहीस तर मी ती सोडून देईन आणि मग दर सणाला तुला ऐकवीन. बघ, झेपेल का.

मिसळीत तर्री कमी घालते. पाव जास्त देते. येण्याइतकी माया असू दे.

तुझी,
भागू

*

भिसेगाव,
२० जानेवारी

चि. भागूस,
अ. उ. आ.

हे पत्र मनोजच्या हाती देतोय, कारण टपालाइतका वेळ नाही. बयाणा देऊ नकोस. दिला असशील तर परत माग.

काल तुझ्या अंगणात मी त्या गाडीच्या मागच्या झाकणात वाकलो, पेचकस लावला, डोळे मिटले आणि मान डोलावून म्हणालो की झकास बोलतंय. भागू, मला काहीच ऐकू आलं नाही. हाताला थोडी थरथर लागली, पण ती बहुधा माझीच होती.

पावसाळ्यापासून कान गेलेत. आधी उजवा गेला, मग डावा. गाडी फाटकाबाहेर असतानाच कुठला टॅपेट वाजतोय ते सांगायचो मी. लोक खोपोलीहून फक्त ऐकवायला गाड्या आणायचे. आता मनोज पाठीमागून हाका मारतो आणि मी भिंतीकडे बघत बसतो. त्याला वाटतं म्हातारा हट्टी झालाय. मीही तसंच वाटू दिलं. हट्टी म्हणवून घ्यायला लाज वाटत नाही, बहिरा म्हणवून घ्यायला वाटते. फोन तांदळात नाही. कपाटात आहे, धडधाकट आहे.

तू माझ्या शब्दावर ती गाडी बोरघाटात पळवणार. माझ्या खोट्या मानेवर तुझा जीव टांगायचा, हे मला सहन होईना, म्हणून लिहिलं. माफ कर. रागावलीस तरी लिहून रागाव, म्हणजे मला कळेल.

आशीर्वाद द्यायला तोंड उरलं नाही, तरी देतोच.

दादा

*

लोधिवली,
२१ जानेवारी

दादा,

आज मायना राहू दे. बयाणा दिलेला नाही. आणि ती थरथर तुझीच होती. इंजिन बंद होतं.

साहेबांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, की चावी अर्धीच फिरवा, आतले दिवे लागले की थांबा. भाऊबीजेला मी तुला विचारलं, गुडघा कसा आहे, तर म्हणालास दोनच चपात्या पुरे. तेव्हाच पाल चुकचुकली. मग ते तांदळाचं, मग पत्रच बरं वाटतं. म्हणून ही परीक्षा घेतली. बंद इंजिनाला तू झकास बोलतंय म्हणालास, तेव्हा ठकूबाईला हसू फुटलं आणि ती पदर तोंडात कोंबून आत पळाली. मला हसू आलं नाही, रडू आलं, आणि ते मी तर्रीवर ढकललं. वाईट खोडी केली. कान पकडते, माझेच.

मला भीती गाडीची नव्हती. तू माझ्याशी खोटं बोलून गप्प बसशील, ही होती. मग मला भाऊ कुठून मिळाला असता? तू एका दिवसात लिहिलंस. दादा, तुझे कान गेले असतील, पण तू आहेस तिथेच आहेस.

आता ऐक, म्हणजे वाच. मनोजला मी सगळं सांगितलंय, हे पत्रही त्याच्याच हाती देतेय. पोरगं गाडीला टेकून डोळे पुसत होतं. उद्या तो तुला पनवेलला कानाच्या डॉक्टरांकडे नेईल. साहेब थांबायला तयार आहेत. दोन फेब्रुवारीच्या रविवारी पेचकस घेऊन पुन्हा यायचं. आणि या वेळी कौल लेखी द्यायचा. तुझ्या मानेवर आता माझा विश्वास नाही.

बाकीच्या तुझ्यावर आहे, तो तसाच राहणार.

भागू

*

भिसेगाव,
३ फेब्रुवारी

चि. भागूस,
अनेक उत्तम, अगदी खणखणीत ऐकू येणारे आशीर्वाद.

मनोज आज तुझ्याच रस्त्याने चौकला चाललाय, तरी हे पत्र मुद्दाम टपालाने पाठवतोय. काल पेचकस लावला, ऐकलं, मिसळ खाल्ली आणि अवाक्षर न बोलता निघून आलो. तुझा चेहरा बघण्यासारखा होता. मला बंद इंजिन ऐकवलंस ना, आता तीन दिवस पोस्टमनची वाट बघ.

डॉक्टरांनी डाव्या कानातून वाटाण्याएवढा मळाचा गोळा काढला. त्यात कापूस आणि ग्रीसही निघालं. कानात काय काय घालता म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, चाळीस वर्षं जे हाताला लागेल ते. उजवा खरंच गेलाय, त्याला यंत्र दिलंय. घरी आल्यावर पहिला आवाज तुझ्या वहिनीचा आला. इतके महिने मला वाटत होतं की उतारवयात ती मऊ झालीय, बोलणं कमी केलंय. तसं काही झालेलं नव्हतं.

आता लेखी कौल. इंजिन निरोगी आहे. पण बेल्टच्या खालच्या पुलीचं बेअरिंग, डाव्या अंगाचं, कोरडं बोलतंय. वायरीला ते कळलं नाही. घाटात तुटलं असतं तर तू अध्येमध्ये अडकली असतीस. साहेबांना म्हणावं, आधी ते बदलून द्या. नाही म्हणाले तर हात जोड आणि मोकळी हो. बदललं तर घे. घेच, भागू. असं बोलणारं इंजिन मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. पेचकस काढून घ्यावासा वाटेना.

पहिली फेरी कशेळ्याला, आपल्या शेतापर्यंत. मी शेजारी बसेन. रुमाल मी आणतो, पण या खेपेला डोळे माझे बांध. मला नुसतं ऐकायचंय.

तुझ्यावर, आणि नाइलाजाने त्या रिक्षावरही, जीव असलेला,

दादा

ता. क. काल इंजिन चालू होतं ना? तेवढं उलट टपाली कळव.