तीनशे मोजेपर्यंत

आई, मी जिंकले. एवढंच लिहून थांबले असते, पण तुला अर्धवट बातमी कधी चालायची नाही. ऑपरेशन छान झालं असं कोणी म्हटलं की तू विचारायचीस, पेशंट उठून चालला का? म्हणून सगळं सांगते.

तू गेलीस तेव्हा मी नुकतीच कॉम्प्युटरच्या नोकरीला लागले होते. "दिवसभर खुर्चीवर बसून राहते अन् थकली म्हणते," असं तू शेजारच्या दीदींना सांगायचीस. आता मी इथेच, जबलपुरात, एका छोट्या कंपनीत सर्जन लोकांना शिकवायचं यंत्र बनवते. समोर पडदा आणि हातात दोन लांब दांडे, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये असतात तसे. पडद्यावर पोटाचा आतला भाग दिसतो. पित्ताशय ओढलं तर हाताला ताण लागतो, चुकीचं कापलं तर रक्त येतं. पेशंट मात्र कुठेच नाही. शिकणाऱ्याने शंभर वेळा चुकावं आणि कोणाच्या घरी सुतक येऊ नये, यासाठी हा खटाटोप. तुझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून उभ्या उभ्या गेली. तुला हे पाहून हसू आलं असतं.

पहिलं यंत्र आम्ही एका हॉस्पिटलात नेलं तेव्हा शिकाऊ डॉक्टरांची झुंबड उडाली. मी वेगाला गुण ठेवले होते. रक्त दिसलं की झटकन क्लिप मारायची, रक्त बंद, गुण वर! मी कोपऱ्यात उभी राहून फुशारत होते. तिथले मोठे सर्जन आले, हाताची घडी घालून दहा मिनिटं बघत राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, ये मशीन मेरे बच्चों को बिगाड़ देगी. खून में कुछ दिखता नहीं, और आप अंधेरे में क्लिप मारना सिखा रही हैं. पित्त की नली दब गई तो? इसी बात पर एक सिस्टर ने मेरे हाथ पर चिमटा मारा था." दोन महिन्यांत सुधारून आणा, नाहीतर येऊ नका, असंही सुनावलं. ती सिस्टर कोण, हे मला लगेच कळलं. तो चिमट्याचा किस्सा तू आम्हाला जेवताना साग्रसंगीत सांगितला होतास. पण ते न सांगता मी यंत्राच्या वायरी गुंडाळायला लागले. यंत्र परत आलं तर आमचं काम बंद पडणार होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे सर खरं बोलत होते. माझ्याकडे शिकून कोणीतरी कोणाचा तरी जीव घेतला असता.

त्या आठवड्यात मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी सातवीत आहे. विळीवर भोपळा चिरतेय, बाहेर मैत्रिणी थांबल्यात म्हणून घाईघाईने, आणि अंगठा कापतो. मी किंचाळते. तू आधी कढईखालचा गॅस बंद करतेस, मग धुतलेलं फडकं अंगठ्यावर दाबतेस आणि म्हणतेस, "धर घट्ट. तीनशे मोज." पन्नासला मी फडकं उचलून बघते. पाठीत धपाटा बसतो. "काहून उघडून पाहून राहिली? आता पुन्हा एकपासून." मी रडत रडत मोजते. "रक्ताले थांबायले वेळ तर दे," तू भोपळ्याच्या उरलेल्या फोडी करत म्हणतेस. मायेचा एक शब्द नाही. मला तुझा इतका राग आला होता की दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नव्हते.

मग मी वेगाचे गुण काढून टाकले. रक्तात न बघता क्लिप मारली की यंत्र लगेच काही म्हणत नाही. अर्ध्या तासाने पित्ताची नळी क्लिपखाली दबलेली दिसते. गॉज दाबून धरला तर हळूहळू सगळं स्वच्छ होत जातं. मध्येच उचलून बघितलं की मोजणी पुन्हा एकपासून. आमच्या ऑफिसातले भैया म्हणाले, "मॅडम, तीन सौ? लोग सो जाएँगे." म्हटलं, झोपू देत. दोन महिन्यांनी सर स्वतः यंत्रावर बसले. रक्त आलं, त्यांनी दाबलं, आणि थांबले. पडद्यावर मोजणी तीनशेला पोचली, रक्त निवळलं. मग पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "ये तो सिस्टर की गिनती है."

"मेरी आई थीं, सर."

"पहले बताना था न! मैं ज़रा कम डाँटता." मग दांडे खाली ठेवत म्हणाले, "नहीं, उतना ही डाँटता."

आणि गेल्या मंगळवारी ते झालं. सरांच्या हाताखाली पनागरची एक मुलगी शिकते. यंत्रावर तिची मोजणी इतक्या वेळा एकवर आली होती की ती मला मनातल्या मनात शिव्या देत असणार. टेबलावर मझौलीच्या शाळेतल्या एक बाई होत्या. पित्ताशय सोडवताना रक्तवाहिनी फाटली आणि पडदा लाल झाला. सरांचे हात पुढे आले. ती म्हणाली, "सर, मैं रुकूँगी." गॉज दाबला आणि उभी राहिली. सरांनी हात मागे घेतले. तिने गॉज काढला तेव्हा ती बारीक वाहिनी स्पष्ट दिसत होती; क्लिप नेमकी तिथेच बसली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आई, आणि माझा ऊर भरून आला. बाई तिसऱ्या दिवशी चालत घरी गेल्या. आता तिथे यंत्रावर पास झाल्याशिवाय कोणाला पेशंटला हात लावू देत नाहीत. मी अख्ख्या ऑफिसला खोव्याची जिलबी खिलवली, दोन मी एकटीने खाल्ल्या.

हे पत्र आता तुझ्या साड्यांच्या कपाटात ठेवणार, दुसरीकडे पाठवणार कुठे? पण त्याआधी एक दुरुस्ती. "डोळ्यांनी पाहिलं" असं मी वर लिहिलं, घरीही यांना आणि मुलाला तसंच रंगवून सांगितलं. ते खरं नाही. सरांनी आत बोलावलं होतं, टोपी आणि गाऊनही दिला होता. मी तो घालून बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत काय झालं ते त्या मुलीने नंतर येऊन सांगितलं. माझ्याच यंत्रावर शिकलेला हात खऱ्या माणसाच्या पोटात बघायची माझी हिंमत झाली नाही.