समुद्र उजव्या हाताला

सोमवार, ३ मार्च

आले बाई एकदाची. सामान म्हणजे दोन पिशव्या, एक ट्रंक आणि धाकटीनं हौसेनं दिलेली ही वही. म्हणाली, ताई, तिथं तुला भांडायला कुणी मिळायचं नाही, तेव्हा वहीशी भांडत जा.

खोली फाटकाला लागूनच आहे. एका खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, दुसरीतून समुद्र. चूल, पलंग, टेबल, सगळं आहे. दार मात्र महाखट्याळ. नुसतं ढकलून उघडत नाही. कडी धरून वर उचलायचं, मग खांद्यानं धक्का द्यायचा. पहिल्याच दिवशी खांदा सुजला.

काम डोकं खाणारं नाही. फाटकातून निघालेली वाट किनाऱ्यानं जाते, दोन वाळूच्या पुळणी आणि तीन उंच टोकं पार करते आणि गोल फिरून परत फाटकाशीच येते. चालायची सवय असलेल्याला काहीच नाही, नसलेल्याचा थोडा घाम निघतो. मी वाट साफ ठेवायची, कठडे हलवून बघायचे, संध्याकाळी सगळे बाहेर पडलेत ना ते पाहायचं.

जुन्या रखवालदारकाकांनी आज मला बरोबर घेऊन पूर्ण फेरी दाखवली. ते आता पुतण्याकडे राहायला चाललेत. बायको फार पूर्वी गेली, एवढंच बोलले. जाताना मात्र एकच गोष्ट दहादा सांगितली: सगळ्यांनी समुद्र उजव्या हाताला ठेवूनच चालायचं, उलट्या दिशेनं कुणालाही सोडायचं नाही. का, म्हणून विचारलं, तर पहिल्यापासून तसंच आहे म्हणाले. मी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाशी कोण हुज्जत घालणार.

बुधवार, १२

रुळले. दारसुद्धा आता ऐकतं. समुद्राच्या आवाजानं छान झोप लागते आणि भूक तर अशी, की धाकटी बघेल तर हसेल.

येणाऱ्यांची कटकट मात्र एकच. फाटकातून निघालं की लगेच पहिल्या टोकाच्या उभ्या पायऱ्या लागतात. लोक वर पोचेपर्यंत त्यांना धाप लागते आणि मग परतल्यावर माझ्या नावानं खडे फोडतात. उलट दिशेनं गेलं तर चढ हळूहळू येतो आणि पायऱ्या शेवटी, उतरायला मिळतात. हे शेंबड्या पोरालाही कळेल.

धाकटीचा फोन आला. पंचवीस तारखेला आपण दोघींनी फेरी मारायची, असं तिनं परस्पर ठरवूनही टाकलं. आई गेली तेव्हा ही एवढीशी होती, मीच वाढवली. नखं कापायची वेळ झाली की दोन्ही हात पाठीमागे लपवून भिंतीला टेकायची. मग मी गुदगुल्या करायचे आणि हात आपोआप पुढे यायचे. अजून तश्शीच आहे. रस्त्यात कुणी अडखळलं की ही पहिली हात द्यायला धावणार. पण दमा आहे. त्या पायऱ्या तिला कशा झेपणार, याचाच घोर लागलाय.

गुरुवार, २०

आज सगळ्या बाणाच्या पाट्या फिरवल्या. दोन स्क्रू काढायचे, पाटी उलटी करायची, परत पिळायचे. दिवस गेला, पण झालं. काकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

शनिवार, २२

लोक खूश. एका आजोबांनी तर हात जोडले. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

फक्त एका बाईंची तक्रार. तिसऱ्या टोकाच्या खिंडीत वाट एका माणसापुरतीच आहे, आणि तिथं समोरून एक बाई आली. थांबली नाही, बाजूला झाली नाही, बोलली नाही. शेवटी ह्यांनीच कड्याला चिकटून तिला वाट दिली. असतात एकेक आडमुठी माणसं.

रविवार, २३

आज चौघांनी तेच सांगितलं. खिंडीत समोरून एक बाई. मान खाली. चपलांचे तळ झिजून गेलेले, नुसते पट्टे घोट्याभोवती. चौघांनीही बाजूला होऊन वाट दिली.

तिला चार शब्द सुनावायला म्हणून मी निघाले. अख्खी फेरी मारली, कुणी भेटलं नाही. परत आल्यावर लक्षात आलं, की सवयीनं मी समुद्र उजव्या हाताला ठेवूनच गेले होते.

सोमवार, २४

धाकटी आली. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच तिला इतकं पोटभर हसताना बघितलं. नवी नोकरी लागलीय, केस कापलेत, निळा स्कार्फ घेतलाय. दाराशी झटापट केली आणि म्हणाली, ताई, हे दार तुझ्यासारखंच आहे, लाडीगोडीनं उघडत नाही. फार बरं वाटलं.

मंगळवार, २५

लिहिते. लिहिलं नाही तर वेड लागेल.

सकाळी निघतानाच एका पाहुण्याची गाडी वाळूत रुतली. मी ढकलायला थांबले. धाकटीला म्हटलं, तू हळूहळू पुढे हो, मी गाठतेच. मीच म्हटलं.

गाडी निघेपर्यंत उशीर झाला. मी निघणार, तेवढ्यात खिंडीकडच्या वाटेनं एक बाई आली. तिशीची असेल. पायांत नुसते पट्टे. माझ्याकडे न बघता थेट खोलीकडे गेली, कडी धरून दार वर उचललं, खांद्यानं धक्का दिला आणि आत गेली. मला जे जमायला आठवडा लागला ते तिनं एका झटक्यात केलं. पलंगावर बसली आणि रडायला लागली. तिच्या तळव्यांकडे बघवत नव्हतं.

हे कुठे गेले, म्हणून विचारत होती. कोण हे, म्हटलं, तर इथले रखवालदार, माझे यजमान, म्हणाली. मग म्हणाली, खिंडीत एक मुलगी भेटली. निळा स्कार्फ होता. फार दमलेल्या दिसता, हात द्या, म्हणाली. म्हणून दिला.

मी धावत सुटले. खिंडीत कुणी नव्हतं. पोलीस आले, बोट फिरली. पाय घसरला असेल म्हणतात. तिचा दम्याचा पंप इथं टेबलावरच राहिलाय.

बुधवार, २६

फोन करून बोलावलं, तेव्हा काका आले. ती बाई दारात उभी होती. त्यांच्याकडे बघून तिनं मला विचारलं, हे म्हातारे कोण?

काकांनी मला फाटकापाशी बाजूला नेलं.

मग सगळं सांगितलं. वाटेवर एक जण कायम चालत असतो. समुद्र उजव्या हाताला. सगळे त्याच दिशेनं गेले की कुणाची गाठ पडत नाही. समोरून येऊन जो त्याचा हात धरेल, तो चालायला लागतो आणि पहिला सुटतो. ती नवी नवरी असताना उलटी गेली होती. तिला सोडवायचं कसं हे ह्यांना ठाऊक होतं. रोज तिच्या मागे चालायचे, पण समोरून जायची छाती झाली नाही. आयुष्यभर इथं राहिले ते दुसऱ्या कुणाची गाठ पडू नये म्हणून.

मी त्यांना नको नको ते बोलले. आता वाईट वाटतंय. पाट्या तर मीच फिरवल्या.

गुरुवार, २७

दिसली.

दुसऱ्या पुळणीवर, माझ्या पुढे. निळा स्कार्फ. हाका मारल्या. वळली नाही. मी पळाले — अंतर तेवढंच. बसले, उठले, पुन्हा पळाले — तेवढंच.

मागून नाही गाठता येणार.

सारखी खोकतेय. पंप नाही तिच्याकडे. तरी पाय थांबत नाहीत.

शुक्रवार, २८

काकांना बजावलंय. पाट्या आजच पूर्ववत करायच्या. ती आली की पंप, पाणी, माझ्या चपला — फाटकाशीच उभं राहायचं, हलायचं नाही. तिला परत वाटेवर सोडायचं नाही, कितीही रडली तरी. काका मान खाली घालून हो म्हणाले. त्यांची बायको आत झोपलीय. अजून त्यांना ओळखत नाही.

समुद्र डाव्या हाताला ठेवून आले. खिंडीपाशी बसलेय. ऊन चांगलं आहे. भीती वाटते. खूप वाटते.

ही वही इथंच दगडाखाली ठेवीन. धाकटे, तुला सापडली तर — तुझा दोष नाही. तू फक्त हात दिलास.

येतेय. छातीतली शीळ आधी ऐकू आली. लहानपणी रात्र रात्र ऐकलीय ती.

स्कार्फ दिसला —

वर बघितलं तिनं. ओळखलं. मान हलवतेय, नको नको करतेय, पाय मात्र —

हात मागे घेतले. दोन्ही हात पाठीमागे, घट्ट —

वेडी. गुदगुल्या केल्या की येतीलच पु