शुभांगी तांड्यावर आली

रविवार, ११ फेब्रुवारी २००१

आज माझ्या कॉलेजातली शुभांगी हिंगोलीहून एकटीच तांड्यावर आली. गॅदरिंगमध्ये माझ्या कवितेला पोरं हसली आणि त्याच दिवशी मी कॉलेज सोडलं. ती म्हणाली, "तूच लिहिलंस ना, आमच्या दारात कुणी येत नाही? म्हणून आले."

आणि मी काय म्हणालो? "तांडा पाहायला आलीस? तिकीट काढलंस का?"

काहून निघालं हे तोंडातून? इतके दिवस तिचीच तर वाट पाहून राहिलो होतो.

ती माघारी वळलीच होती. माझ्या आईनं, याडीनं, हात धरून तिला चुलीपाशी नेलं. पाट नको म्हणाली, खालीच मांडी घालून बसली. भाकरी मोडून खाल्ली. याडीच्या काचोळीवरच्या आरशात स्वतःला पाहून हसली. मी दारातच, हाताची घडी घालून. पाटही नको म्हणाली ती.

नाक्यापर्यंत तिला सोडायला याडीच गेली. परत येऊन म्हणाली, "पोरगी बराबर घरातल्यावानी बसली. तू काहून पाहुण्यावानी उभा होता रे?"



जाताना शुभांगीनं माझ्याकडं पाहिलं न्हाई. पाहिलं असतं तरी मी थांब म्हणालो असतो का, कोण जाणे.