बंधाबाहेरचा तांडा

हिंगोली,
४ ऑक्टोबर

ती. मोतीआत्यास,
शितलचा सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. तू, बाबा आणि तुझी ती मारकी शेळी कशी आहे ते कळव. राखेने मोबाईलचे टॉवर मुके केल्यापासून पत्रांची चांगलीच सवय लागली आहे. हे पत्र सेनगावच्या जीपवाल्याकडे देते.

आत्या, बंध बसला! राखेचं लष्कर पैनगंगा ओलांडून आलं तेव्हा वाटलं होतं, आता काही खरं नाही. हात लावेल त्या सोयाबीनची जागेवर राख करत येणारं लष्कर, त्याला अडवणार कोण? आणि आपली आघाडी, गाणी येणारे जाणते आणि नकाशे वाचणारे आम्ही अभ्यासक, म्हणजे तर सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. जाणते अभ्यासकांना पोथीपंडित म्हणतात, अभ्यासक जाणत्यांना अंगारेवाले. पण जमलं. बंध कुठून न्यायचा ते आम्ही महसुली नकाशावर आखलं. गावठाणांची नावं मी एकटीने काढून दिली, आणि तुम्ही जाणत्यांनी वेशीवेशीवर उभं राहून ती गाण्यात घेतली. ज्या गावाचं नाव गाण्यात आलं, त्याला आता राख शिवणार नाही. आमचे प्रमुख प्रेमदास सर म्हणाले की पुसेगावच्या वेशीवरची बाई कोण होती, काय तो गळा! मी सगळ्यांना सांगितलं की माझी आत्या. फार मिरवून घेतलं, रागावू नकोस.

बाबांना नमस्कार. माझ्यावर लोभ कर, शेळीपेक्षा थोडा जास्तच कर.

तुझी,
शितल

---

वसरामनायक तांडा,
७ ऑक्टोबर

चि. शितल हिस मोतीआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या बाबाचा गुडघा आहे तसाच आहे, तोंडही आहे तसंच आहे. शेळीने परवा त्याचा टॉवेल खाल्ला. मी तिला दिवसभर शिव्या घालते, तिला वाटतं मी लाड करते.

प्रेमदास सरांना सांग, गळ्याचं कौतुक पुरे, पुढच्या वेळी वेशीवर चहा पाठवा. तुमच्या आघाडीत खुर्च्या अभ्यासकांना आणि ऊन जाणत्यांना, असं कसं चालेल?

एक विचारायचं होतं. नावं तूच काढलीस असं लिहिलंस. पुसेगावनंतर कोणतं नाव होतं? मी पुसेगाव घेतलं आणि आपल्या तांड्याच्या नावाची वाट पाहिली. पुढून आवाज आला तो सेनगावच्या वाटेवरच्या गावाचा. मला वाटलं, आपलं मागून येईल. मध्येच थांबले असते तर सगळ्यांचाच बंध सुटला असता, म्हणून गात राहिले. शेवटपर्यंत आलं न्हाई. काही कारण असेल. तुला कामं पुष्कळ असतील, सवडीने कळव.

ओढ्याकाठची बाभळ कालपासून पांढरी दिसते आहे. शेजारचा फुलसिंग म्हणतो धूळ हाय. असेल.

वेळेवर जेवत जा. आमच्याकडून लोभात खंड नाही, तुझ्याकडून पत्रात नको.

तुझी आत्या

---

हिंगोली,
९ ऑक्टोबर

आत्या,

नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू?

कारण काही नाही. मी विसरले. नकाशात आपल्या तांड्याला गावठाणच नाही, तो कागदावर पुसेगावात मोडतो. दुसऱ्या कुणाच्या हातून राहिला असता तर मी भांडले असते. पण नकाशा माझ्यापुढे होता. कॉलेजात आल्यापासून कुणी गाव विचारलं की मी पुसेगाव सांगते. तांडा म्हटलं की पुढचे प्रश्न येतात, ते नको वाटायचे. सांगून सांगून इतकी सवय झाली की पुसेगावच्या गावठाणावर टिंब ठेवताना मला मनापासून वाटलं, झालं, आपलं घर आत आलं. बंध ओढ्याच्या पुसेगावकडच्या अंगाने गेला आहे, तांडा बाहेर राहिला, आत्या. माझ्याच हाताने गेला आहे. काल इथे माझा सत्कार झाला. मी हार घालून घेतला.

शिरड शहापूरच्या मालनबाई इथल्या जाणत्यांत सगळ्यांत मोठ्या. मी त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या की बसलेल्या बंधात नवं नाव घालता येतं, पण जो पहिला घालतो त्याच्या तोंडातलं एक नाव कायमचं जातं. आयुष्यात ज्या माणसाला वा जनावराला सगळ्यांत जास्त हाक मारली असेल, त्याचं. आत्या, तू असलं काही करायचं नाही. तुला माझी शपथ आहे. पत्र मिळताच ट्रॉलीत सामान भरा आणि सगळे ओढा ओलांडून पुसेगावच्या शाळेत या. मी तिथेच येते.

मला शिव्या दे, पण शेळीला देतेस तसल्या देऊ नकोस. खऱ्या दे.

शितल

---

वसरामनायक तांडा,
१३ ऑक्टोबर

चि. पोरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी वाच आणि मग रडायचं ते रड.

तुझं पत्र आलं तशी फुलसिंगने ट्रॉली भरायला घेतली. पण तोवर ओढ्यात राख उतरली होती, पुसेगावची वाट बंद. तुलाही जीपवाल्याने अर्ध्या वाटेतून हिंगोलीला परत नेलं, ते कळलं. पंचफुलाचं लेकरू बारा दिवसांचं. कुठे जाणार होतो? मी तांड्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि त्याचं नाव गाऊन बंधात घेतलं. मागून सगळ्या तांड्याने घेतलं. राख ओढ्यातच बसली. तुझी शपथ मोडली, त्याचं मला वाईट वाटतं.

मी हिशेब केला होता की शेळीचं नाव जाईल. दिवसभर तिलाच तर हाका मारते. पण शेळीचं नाव आहे तोंडात. गंगी. गेलं ते तुझं.

तू कोण ते सगळं आठवतं. तुझी आई कापूस वेचायला जायची आणि तू माझ्या ओढणीला धरून फिरायचीस. तांड्यात तशी पद्धत नव्हती, तरी मी पुसेगावच्या बायकांसारखं तुझं बारसं केलं आणि आत्या म्हणून तुझ्या कानात नाव सांगितलं, तेही आठवतं. नाव तेवढं न्हाई. तुझ्या पत्राच्या शेवटी जिथे ते असणार तिथे मला कोरा कागद दिसतो. फुलसिंग घेतो तेव्हा त्याचे ओठ हलतात, आवाज येत नाही. काल त्याला रागावले की मुद्दाम हळू काहून बोलतोस. तो बाहेर जाऊन बसला.

आता तुझ्या अपराधाचं. कॉलेजात घातलं तेव्हा तुला कुणी सांगितलं होतं की गाव विचारलं तर पुसेगाव सांग, सोपं पडेल? मीच. तू माझं ऐकलंस. तेव्हा एकटीने सगळं अंगावर घेऊ नकोस, अर्धं माझं आहे. आणि सत्काराचा हार वाळला असेल तर गंगीला आण.

दिवाळीला ये. जीपवाल्याला पुसेगावला उतरव म्हणू नकोस, तांड्यावर सोड म्हण. मी ओट्यावर बसलेली असेन. पूर्वी तू ओढ्यापाशी दिसलीस की मी हाक मारायचे. आता तू मार.

तुझी आत्या