पाऊण इंची नळ

तात्या, आज करंजीकडून घाट चढताना मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. शेजारी गाडीचा मालक बसला होता. नगरच्या एमआयडीसीत त्याचा छोटा कारखाना आहे. "का हो मिस्त्री, भ्यायलात?" म्हणाला. मी काचेवरच्या दाबाच्या काट्याकडे बघत राहिलो.

तुमच्या वेळी असलं काही नव्हतं, म्हणून सांगतो. चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन, त्याला मी सुपरचार्जर बसवला. इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो आणि इंजिन स्वतःहून ओढेल त्याहून जास्त हवा आत कोंबतो. हवा वाढली की त्याच मापात पेट्रोल वाढलं पाहिजे. कमी पडलं तर गाडी लगेच बंद पडत नाही, धोका तोच. ती पळत राहते, आत उष्णता बेसुमार वाढते आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. मालकाला मी हवेच्या अर्ध्या बारच्या जादा दाबाचा शब्द दिला होता; बार हे दाबाचं माप. रविवारी त्याचे मित्र गाडी बघायला येणार आहेत. इंजिनात पेट्रोल फवारणारे जुने इंजेक्टर पुरे पडेनात, म्हणून मी मोठे मागवले, कुणाला न विचारता. मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, पुस्तकांवर आणि बिघडलेल्या इंजिनांवर शिकलो, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीतच ऐकवतो.

आज पेट्रोलच्या लाइनीला दाबाचा काटा जोडला आणि काचेवर बाहेरून चिकटवला. पेट्रोलची नळी माणसं बसतात तिथे आणायची नसते. पायथ्याशी तीन बार. हवेचा दाब अर्ध्या बारनं चढला की पेट्रोलचा साडेतीन व्हायला हवा, कारण इंजेक्टरच्या तोंडावर हवा उलटी रेटत असते. काटा साडेतीनकडे निघाला, थबकला, आणि इंजिन जोर धरू लागलं तसा खाली यायला लागला. अडीचला आला तेव्हा मला तिसगावचं आपलं स्वयंपाकघर दिसलं.

वरच्या आळीतलं घर. आई मोरीत नळाखाली हंडा लावून बसलीय, धार करंगळीएवढी. गावाच्या पाण्याची मोटार चालवणारा माणूस, म्हणजे तुम्ही, समोर भाकरी मोडताय. "साऱ्या गावाला पाणी पाजता अन् आपली घागर कोरडी," ती म्हणते. तुम्ही कालवण वाढून मागता. मी तेव्हा विशीत होतो, हातात पाना आला की सगळं येतं असं समजणारा. नगरहून पाऊण इंची नळ आणला आणि पाइपासकट अर्ध्या इंचीच्या जागी बसवला. सकाळी पाणी आलं. धार जाड, पण दम नाही. हंडा जेमतेम थोडा लवकर भरला. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "व्हय रे, आमच्यात थेंब न्हाई आज. तुज्या नळानं गिळलं का काय?"

तुम्ही रागावला नाहीत. मला मोटारीवर घेऊन गेलात. पायाखालची फरशी थरथरत होती. तुम्ही व्हॉल्व्ह थोडा आवळला. काटा वर गेला, मोटारीचा आवाज बदलला आणि पुढच्या पाइपातली धार बारीक झाली. "दाब मागशील तर पानी कमी, पानी मागशील तर दाब कमी. मोटार हाय तेवढीच. नळ मोठा केला म्हनून मोटार मोठी व्हत न्हाई." काटा डोळ्यांनी बघितला होता, तरी मी तुमच्याशी दोन दिवस धड बोललो नाही. नळ मात्र तुम्ही काढायला लावलात. शेजारी पाणी जायला पाहिजे, एवढंच म्हणालात.

घाट संपल्यावर गाडी कडेला घेतली. मालक म्हणाला, "अजून मोठे इंजेक्टर टाकू. पैशाचं बघू नका."

"इंजेक्टर मोठा केला म्हणून पंप मोठा होत नाही," मी म्हणालो. "टाकीतला पंप मूळचाच आहे, एवढ्या दाबावर त्याच्याच्यानं पेट्रोल पुरवलं जात नाही. आधी तो बदलायला हवा होता. इंजेक्टर मागवले ते माझं चुकलं."

"मग रविवारी?"

"रविवारी पाव बारवर पळेल. सुपरचार्जरची पुली मोठी टाकतो, म्हणजे तो हळू फिरेल. पंप आला की बाकीचं."

"आणि मित्रांना काय सांगू?"

"सांगा, मिस्त्री भ्यायला."

तो आधी हसला नाही. मेहेकरी गाव मागे गेल्यावर एकटाच हसायला लागला. संध्याकाळी पुली बदलली, पट्ट्याचा ताण दोनदा तपासला, हात धुतले आणि हे लिहायला बसलो. तुम्ही गेल्यावर पत्र टाकायला पत्ता उरला नाही हे मला कळतं. पण एक गोष्ट राहिली. नगर जवळ आल्यावर तो म्हणाला, "ते पंपाचं झकास बोललात, मिस्त्री. कुणाचं वाक्य?"

मी म्हणालो, माझंच.